स्क्रू शाबूत, हाड गायब

दाताचं इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला धातूचा स्क्रू. ते हलायला लागलं की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘स्क्रू खराब निघाला का?’ बहुतेकदा स्क्रूला काहीच झालेलं नसतं. त्याला धरून ठेवणारं हाड गेलेलं असतं.

हाड धातूला धरतं, हे कळलं तेही योगायोगानेच. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंडला पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी उपकरणं प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेनात. हाड थेट धातूला लागून वाढलं होतं.

धातूचे दात त्याआधीही बसवले जात: स्क्रू, हिरडीखालच्या जाळ्या, पुढे पात्यासारखी इम्प्लांट. पण धातू आणि हाडाच्या मध्ये पुष्कळदा तंतूंचा मऊ थर तयार व्हायचा. हा थर खऱ्या दाताभोवतीच्या तंतूंसारखाच काम करतो, असं त्याचं समर्थनही होई. प्रत्यक्षात दात हळूहळू डुलू लागे.

१९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवली. २००६ मध्ये लार्सन वारले तोवर ती टिकली. त्यामागची शिस्त कडक होती. स्क्रू हिरडीखाली झाकून ठेवायचा, खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्यात सहाएक महिने त्यावर भार द्यायचा नाही. पुढे १९८३ मध्ये दिसलं की ४७ अंश सेल्सियस तापमान मिनिटभर राहिलं तरी हाडाला इजा होते. बोथट ड्रिल घाईत दाबलं की तेवढी उष्णता सहज तयार होते. खुर्चीत तोंड पाण्याने भरून पेशंट वैतागतो, पण ते सलाइन हाड थंड ठेवण्यासाठीच असतं. सुरुवातीच्या काही महिन्यांतलं अपयश बरंचसं इथलं असतं: तापलेलं हाड, घाईने दिलेला भार, संसर्ग. सिगारेट आणि ताब्यात नसलेली साखर जखम भरण्याच्या आड येतात, ते वेगळंच.

१९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेने ही पद्धत मनावर घेतली, इम्प्लांटचा प्रसार झाला आणि उशिरा येणारं अपयश ठळक दिसू लागलं. त्याचं नाव पेरी-इम्प्लांटायटिस. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते कॉलरसारखे लपेटलेले असतात. त्यामुळे जंतूंचा थर साचला की सूज खोल उतरते, हाड झिजतं आणि बऱ्याचदा दुखतही नाही. स्क्रूवर दाताची कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कणही पुरतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण तेवढंच ऐकून पेशंट घासण्यात ढिला पडतो, आणि ही चूक मला सगळ्यात महागात पडणारी वाटते.

हिरडीच्या आजारामुळे ज्यांचे दात गेले, त्यांना धोका अधिक. तो आजार आटोक्यात आणल्याशिवाय इम्प्लांटची तारीख घेऊच नये. नंतर कॅपच्या बुडाशी, दोन दातांमधल्या फटीत छोटा ब्रश रोज फिरवायचा. त्यावर रक्त दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं आवरण, लावायचा.

इम्प्लांट यशस्वी ठरवण्याच्या १९८६ च्या निकषांनुसार, पहिलं वर्ष सरल्यावर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी असावी. एवढीशी झीज डोळ्यांना दिसत नाही, आणि एकाच एक्स-रेवरूनही ती कळत नाही; आधीच्या एक्स-रेशी ताडून पाहावी लागते. म्हणून कॅप बसली त्या दिवसाचा एक्स-रे मागून घ्यावा आणि डॉक्टर बदलला तरी फाइलमध्ये जपून ठेवावा.