यंत्रसामग्री भाडे-प्रतिनिधी

यंत्रसामग्री भाडे-प्रतिनिधी : क्रेन, पोकलेन, बॅकहो लोडर, बूम लिफ्ट, जनित्र संच इत्यादी यंत्रे भाड्याने देणाऱ्या कंपनीसाठी ग्राहक मिळवणारा, दर व अटी ठरवणारा आणि बहुधा थकलेले भाडेही वसूल करणारा कर्मचारी.

भारतातील या व्यवसायाच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे त्याची सुरुवात मद्रासमध्ये १९७३ साली स्थापन झालेल्या फर्स्ट लीझिंग कंपनी ऑफ इंडियासारख्या भाडेपट्टा-वित्तसंस्थांपासून धरावी. दुसऱ्या मताप्रमाणे काम संपल्यावर रिकामी उभी राहिलेली यंत्रे ठेकेदार एकमेकांच्या साईटवर लावू लागले, तेथे त्याचे मूळ आहे. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. वित्तीय भाडेपट्ट्यात यंत्र वर्षानुवर्षे एकाच ग्राहकाकडे राहते व चालक, दुरुस्ती त्याच्याच गळ्यात असते; भाडे-व्यवसायात याउलट स्थिती असते. भाडे-व्यवसायाला संघटित रूप साधारणतः १९९० च्या आसपास आले असावे. पुण्याची संघवी मूव्हर्स ही क्रेन भाड्याने देणारी कंपनी १९८९ मधील. पवनचक्क्यांच्या उभारणीत तिच्या क्रेन मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या.

यंत्र भाड्याने देणे ही विक्री की सेवा, हा वाद दीर्घकाळ चालला आणि प्रतिनिधीच्या दरपत्रकावर त्याचा थेट परिणाम झाला. ४६ व्या घटनादुरुस्तीने (१९८२) अनुच्छेद ३६६ मध्ये २९-क हा खंड घातला आणि ‘वस्तू वापरण्याच्या हक्काचे हस्तांतरण’ विक्री मानले गेले. महाराष्ट्राने त्यासाठी १९८५ मध्ये स्वतंत्र विक्रीकर अधिनियम केला. पुढे १६ मे २००८ पासून, ताबा व परिणामकारक नियंत्रण न देता यंत्र पुरवल्यास केंद्राचा सेवाकर लागू झाला. त्यामुळे ताबा कोणाकडे, हाच कळीचा मुद्दा ठरला. राष्ट्रीय इस्पात निगम प्रकरणात (२००२) यंत्र ठेकेदार वापरत असला तरी नियंत्रण मालकाकडेच राहते, म्हणून हस्तांतरण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. भारत संचार निगम प्रकरणात (२००६) हस्तांतरणाच्या पाच कसोट्या सांगितल्या गेल्या. वस्तू व सेवा कर (२०१७) आल्यावर वापरहक्काचे हस्तांतरणही सेवाच ठरले. जुन्या करारांचे खटले मात्र चालूच राहिले, के. पी. मोझिका प्रकरणात (जानेवारी २०२४) सर्वोच्च न्यायालयाने ओएनजीसी इत्यादींना पुरवलेल्या क्रेन, टँकर यांच्या करारांत हस्तांतरण नसल्याचे ठरवले.

मासिक दर सामान्यतः २६ दिवस व रोज ८ किंवा १० तास, म्हणजे २०८ वा २६० तास धरून दिला जातो. त्यावरील तासांचे पैसे वेगळे. डिझेल बहुधा ग्राहकाचे. यंत्र नेण्या-आणण्याचा खर्च, चालक-हेल्परची राहण्याजेवणाची सोय आणि ब्रेकडाऊनची कपात वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहून घ्यावी लागते. बिल लॉगशीटवरील (यंत्राच्या कामाच्या तासांच्या नोंदपत्रावरील) साईट इंजिनियरच्या सहीवर अवलंबून असल्याने प्रतिनिधीचा बराच वेळ त्या सह्या गोळा करण्यात जातो. क्रेनच्या बाबतीत लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलता येते याचा तक्ता) वाचता येणे आवश्यक असते : ५० टनी क्रेन ५० टन फक्त अगदी जवळच्या त्रिज्येवर उचलते, बूम (क्रेनचा लांब हात) लांबवला की क्षमता झपाट्याने घटते. वजन व अंतर न विचारता क्रेन पाठवणारा प्रतिनिधी फार काळ टिकत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झालेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार उचल-यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी लागे. तपासणीचे प्रमाणपत्र ग्राहक प्रथम मागतो. पावसाळ्यात मातीकामाची यंत्रे परततात व दर पडतात.

भाडे-प्रतिनिधी कायद्याने ‘कामगार’ ठरतो का, हा प्रश्न वेगळाच आहे. विक्री संवर्धन कर्मचारी अधिनियम, १९७६ प्रथम औषध उद्योगापुरता होता. २०११ मध्ये त्यात आणखी काही उद्योग आले. यंत्रभाडे त्यांत नव्हते. १९९४ च्या सँडोझ प्रकरणात औषध-प्रतिनिधीही औद्योगिक विवाद अधिनियमाखालील ‘कामगार’ नव्हेत असे ठरले होते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांना ‘कामगार’ मानले असले, तरी व्याख्या १९७६ च्या अधिनियमावरूनच घेतली असल्याने भाडे-प्रतिनिधी तिच्यात बसतो असे सरसकट म्हणता येणार नाही.