आपल्या भागातल्या आवडत्या जागांचा नकाशा करताय? मग हे आधी वाचा

पुण्यातल्या पेठांमध्ये पत्ता सांगतात तो पत्र्या मारुतीपासून डावीकडे नाहीतर जिलब्या मारुतीच्या मागे असाच, आणि समोरच्याला तो बरोब्बर कळतो. पण कुठल्या बोळातून सायकल जाते, कुठल्या वाड्यात अजून जुनी विहीर आहे, मिसळ कुठे चांगली मिळते, हे सगळं माणसांच्या डोक्यात असतं आणि माणसांबरोबर जातं. म्हणून मंडळातल्या पोरांनी, सोसायटीतल्या आजी-आजोबांनी, कॉलेजच्या ग्रुपने मिळून आपल्या आवडत्या जागांचा ऑनलाइन नकाशा करावा असं मला फार मनापासून वाटतं, आता तर ते फुकट होतं आणि फोनवर होतं.

पण पिन मारायची म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरतायत आणि प्रत्येक जण सतत सांगतोय की मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे वेळ मोजण्यात १० नॅनोसेकंद चुकले की झाली ३ मीटरची चूक! आणि फोनमधलं घड्याळ काही इतकं अचूक नसतं, त्यामुळे तीन उपग्रहांवर भागत नाही, चौथा लागतोच, त्याच्या जोरावर फोन स्वतःच्या घड्याळाची चूकही काढून टाकतो.

मोकळ्या मैदानात हे छान चालतं, चूक साधारण ५ मीटरच्या आत राहते. पेठेतल्या बोळात मात्र दोन्ही बाजूंना चार-चार मजले, आभाळाची एक पट्टी दिसते फक्त, सिग्नल समोरच्या भिंतीवर आपटून मग फोनकडे येतो आणि फोनला वाटतं उपग्रह आणखी लांब आहे. परिणाम असा की तुम्ही देवळाच्या पायरीवर उभे आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत. स्क्रीनवर अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हापुढे सात आकडे दिसतात, ते सेंटिमीटरभर जागा दाखवू शकतात हे खरं, पण मोजमापच १५ मीटरने चुकलं असेल तर त्या सात आकड्यांना काही अर्थ नाही. त्यामुळे अशा ठिकाणी ठिपक्यावर विसंबू नका, सॅटेलाइट फोटोत छप्पर, कोपरा, झाड ओळखा आणि पिन हाताने सरकवा. फोटोही कधीकधी काही मीटर सरकलेला असतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांनी चालून रेकॉर्ड केलेल्या जीपीएसच्या रेघा त्यावर टाकून बघतात, उपग्रह जागा बदलत राहतात त्यामुळे चुकाही वेगवेगळ्या दिशेला पडतात आणि सगळ्या रेघांच्या मधोमध खरा रस्ता दिसायला लागतो.

इथेच अनेकांनी मिळून करण्याचा खरा फायदा आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्यांनी मिळून केलेला जगाचा नकाशा, २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केला, कारण तिथला सरकारी नकाशांचा डेटा खुला नव्हता. हौशी लोकांचं काम कितपत भरवशाचं असणार ही शंका साहजिक होती, तर लंडनमधल्या मुकी हॅकले या संशोधकाने ते सरकारी नकाशाशी ताडून बघितलं आणि २०१० मध्ये छापलं की फरक सरासरी ६ मीटरच्या आसपास आहे. त्यांच्याच गटाच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की एखाद्या भागात पहिल्या पाच जणांच्या कामानेच अचूकतेत सगळ्यात मोठा फरक पडतो. पाच जण! म्हणजे एका पेठेसाठी एक छोटा ग्रुपसुद्धा पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आवड आणि वस्तुस्थिती एकाच थरात घालू नका. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तेच टाकायचं जे दुसरा कोणीही तिथे जाऊन तपासू शकेल, म्हणजे इथे चिंचेचं झाड आहे, इथे पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, दुकान १० ते १ आणि ४ ते ८ उघडं असतं. 'इथला चहा बेस्ट' हे त्यात बसत नाही. त्यासाठी यूमॅपसारखं साधन वापरायचं, खाली तोच नकाशा आणि वर तुमच्या ग्रुपचा वेगळा थर, त्यात फोटो, आठवणी, आजोबांनी सांगितलेली गोष्ट, सगळं घाला. मला ही विभागणी फार आवडते, कारण ग्रुप उद्या मोडला तरी नळ आणि झाड सगळ्यांसाठी नकाशावर राहतं. आणि हो, दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून बघून काहीही उतरवायचं नाही, परवाना आड येतो, स्वतः जाऊन बघायचं.

अशा साध्या पिनांमधून काय निघू शकतं याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे कात्रजचा नळ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, वाटेत हवा बाहेर पडायला उच्छ्वास बांधले आणि शहरात हौद. आज एखादा उच्छ्वास रस्त्याच्या कडेला दिसतो तेव्हा तो नुसता जुना मनोरा वाटतो. पण जितके उच्छ्वास आणि हौद सापडतील तितके एका नकाशावर टाका, ठिपके जोडत गेलं की जमिनीखालून पाणी कुठून कसं आलं असेल त्याची वाट दिसायला लागते.

काही जागा मात्र टाकू नयेत. कोणाचं घर, घुबडाचं घरटं, दुर्मिळ ऑर्किड. लोकांनी पाहिलेल्या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणारी आयनॅचरलिस्टसारखी साइट धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा मुद्दाम लपवते, साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दाखवते, कारण नेमकी पिन चोरशिकाऱ्यालाही दिसते. ग्रुपमध्ये हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका, कारण एकदा शेअर झालेली जागा परत घेता येत नाही. आणि प्रत्येक नोंदीला तपासल्याची तारीख घाला, दुकानं बंद होतात, झाडं पडतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये माहिती भरायचं स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप तर काही काळाने स्वतःच विचारतं की हे अजून असंच आहे का, जवळून जाता जाता दोन टॅप करून उत्तर देता येतं.