आधी मत मिळालं, खेळायची सोय नंतर: पॅसिफिकच्या बेटांवरच्या बुद्धिबळ फेडरेशनची पार्श्वभूमी

२०२२ ला चेन्नईजवळ मामल्लपुरमला बुद्धिबळ ऑलिम्पियाड (देशांच्या टीमची जागतिक स्पर्धा) झालं तेव्हा आपलं सगळ्यांचं लक्ष गुकेश, अर्जुन, प्रज्ञानंद यांच्या बोर्डांवर होतं, ते साहजिकच आहे, पण त्याच स्पर्धेत अगदी मागच्या टेबलांवर पॅसिफिक महासागरातल्या छोट्या बेटांच्या टीम पण खेळत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना घरी वर्षभरात एक धड रेटेड टुर्नामेंट (जिचा निकाल खेळाडूच्या रेटिंगमध्ये, म्हणजे ताकदीच्या अधिकृत आकड्यात, धरला जातो) मिळत नाही. त्याच दिवसांत चेन्नईत फिडेची, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेची, निवडणूक पण झाली, रशियाचे द्वोर्कोविच १५७ विरुद्ध १६ मतांनी परत अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि आपला आनंद डेप्युटी प्रेसिडेंट झाला. फिडेचा नियम असा की एक फेडरेशन एक मत, म्हणजे जेमतेम १८ हजार वस्तीचं पलाउ आणि १४० कोटींचा भारत यांच्या मताला वजन सारखंच. मत सारखं पण खेळायची सोय जवळजवळ नाहीच, हे असं कसं झालं हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

फिडे १९२४ ला पॅरिसमध्ये सुरू झाली, पण जगाचे झोन (विभाग) पाडायचं काम महायुद्धानंतरचं. वर्ल्ड चँपियनला आव्हान कोण देणार हे ठरवायला झोनल, मग इंटरझोनल, मग कँडिडेट्स अशी शिडी बांधली आणि पहिली इंटरझोनल १९४८ ला स्वीडनमधल्या साल्टशोबाडेनला झाली. म्हणजे झोन ही मुळात एक खेळाडू वर पाठवायची सोय होती, त्या भागात खेळ वाढवायचा, पोरांना शिकवायचं, आर्बिटर (पंच) तयार करायचे असं काही त्या आखणीत नव्हतंच. माझ्या मते आजच्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथेच आहे.

ओशनिया म्हणजे तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, बस. न्यूझीलंडची राष्ट्रीय स्पर्धा १८७९ पासूनची, जगातल्या जुन्या राष्ट्रीय स्पर्धांपैकी एक (त्याच साली मे महिन्यात लिओनिडास जहाजातून पहिले गिरमिटिया मजूर फिजीला उतरले, आणि त्यांच्याच वंशातली मंडळी पुढे फिजीच्या बुद्धिबळात दिसायला लागली). ऑस्ट्रेलियाचे सेसिल पर्डी पोस्टाने खेळायच्या बुद्धिबळाचे पहिले वर्ल्ड चँपियन, १९५३ ला. आणि एस्टोनियातून येऊन १९५० ला न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले ऑर्टविन सरापू, ते १९६७ ला ट्युनिशियातल्या सूसच्या इंटरझोनलला गेले, तिथे अमेरिकेच्या बॉबी फिशरशी खेळले आणि शेवटच्या नंबरावर राहिले. सरापूंनी न्यूझीलंडची चँपियनशिप २० वेळा जिंकली होती, काही वेळा विभागून, तरी एवढ्या लांबून एकट्याने जाऊन त्या पातळीवर टिकणं किती अवघड होतं ते यावरून कळतं.

बेटं तेव्हा चित्रात का नव्हती याचं साधं कारण म्हणजे बरेच देश तेव्हा स्वतंत्रच नव्हते. फिजी १९७० ला स्वतंत्र झाला, पापुआ न्यू गिनी १९७५, सोलोमन बेटं १९७८, व्हानुआटू १९८०, पलाउ तर १९९४. आणि नेमकं याच काळात फिडेचं धोरण बदलत होतं. मॅक्स य्युवे १९७० ते ७८ अध्यक्ष होते, ते स्वतःच्या खिशातून खर्च करून देशोदेशी फिरले आणि नवीन नवीन देशांना आत घेतलं. आशियाच्या बाजूने त्यांच्या हाताखाली फिलिपीन्सचे फ्लोरेन्सिओ काम्पोमानेस होते, १९७८ ची कारपोव्ह-कोर्चनॉय मॅच बागिओला आणणारे तेच. १९८२ ला लुसर्नला आइसलंडच्या फ्रिड्रिक ओलाफसनना हरवून काम्पोमानेस अध्यक्ष झाले, ते युरोपच्या बाहेरच्या, गरीब, छोट्या फेडरेशनच्या जोरावर. त्यांच्यावर पुढे खूप टीका झाली आणि त्यातली बरीचशी बरोबर होती, पण बेटांना दार उघडणारे तेच हे पण मान्य करायला हवं. अमेरिकेच्या ताब्यातल्या गुआम बेटाची टीम १९७६ ला इस्रायलमधल्या हैफाच्या ऑलिम्पियाडला होती. गुआमवर फिलिपिनो वस्ती मोठी आहे, आणि आशियाचा पहिला ग्रँडमास्टर युजेनिओ टोरे फिलिपीन्सचाच, १९७४ चा, त्यामुळे कामाला आलेली माणसं येताना हा खेळपण घेऊन आली.

दार उघडलं ते मतासाठी. आणि मग मतं म्हटली की जे होतं ते झालंच, लांबच्या फेडरेशनला प्रतिनिधी पाठवायला पैसे नसायचे म्हणून प्रॉक्सी (आपल्या वतीने मत द्यायचा अधिकार) दुसऱ्याच्या हातात जायची, दर निवडणुकीला प्रॉक्सीवरून भांडणं. २०१४ च्या निवडणुकीआधी मतांच्या बदल्यात पैसे अशा कराराचा मसुदा पेपरात छापून आला आणि नंतर फिडेच्या एथिक्स कमिशनने अध्यक्षपदाचे उमेदवार असलेले कास्पारोव्ह आणि फिडेचे तेव्हाचे सरचिटणीस इग्नेशियस लिओंग दोघांवर २ वर्षांची बंदी घातली. अशा वेळी लोक सरळ म्हणतात की या बेटांना मत कशाला द्यायचं, विकाऊ मतं आहेत. मला हे अजिबात पटत नाही. विकत घेणारे मोठ्या देशांतले, आणि बदनामी मात्र त्या सेक्रेटरीची जो नोकरी सांभाळून संध्याकाळी शाळेत पोरांना शिकवतो, फिडेची फी भरतो, टीमची तिकिटं काढतो, आणि स्पर्धेत आर्बिटर नसेल तर तेही काम करतो. मत होतं म्हणून निदान ऑलिम्पियाडला राहणं-जेवण आणि प्रवासाला थोडी मदत मिळत गेली, नाहीतर त्यांच्याकडे कुणी बघितलंही नसतं.

आता खरा प्रश्न, अंतराचा. आज फिडेच्या कागदावर ओशनिया म्हणजे झोन ३.६, आशियाच्या खाली. झोनला एक अध्यक्ष असतो, त्याला झोनमधली फेडरेशन निवडतात, आणि त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे झोनल चँपियनशिप कुठे घ्यायची हे जुळवणं. आपल्याकडे कोल्हापूरचा पोरगा पुण्याची टुर्नामेंट खेळायला रात्रीच्या एसटीत बसतो आणि सकाळी बोर्डावर हजर असतो. गुआमच्या खेळाडूला फिजीला जायचं तर आग्नेयेला असलेल्या फिजीसाठी आधी पूर्वेला होनोलुलू गाठायचं आणि तिथून परत खाली फिजीतल्या नांदीला यायचं असा फेरा पडतो, आणि गुआम ते होनोलुलू जे प्रसिद्ध आयलंड हॉपर विमान आहे ते चुउक (Chuuk), पोनपे, कोसराए, क्वाजालिन, माजुरो असं थांबत थांबत जातं. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा. सामोआने तर ३० डिसेंबर २०११ हा दिवसच कॅलेंडरमधून काढला आणि रेषेच्या या बाजूला आला, शेजारचं अमेरिकन सामोआ अजून एक दिवस मागे. कमिटीची मीटिंग ठरवायची म्हटली तरी आधी कुणाचा कुठला वार ते बघावं लागतं.

मग झोनल कुठे घेणार? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये घेतली तर हॉल, आर्बिटर, ग्रँडमास्टर सगळं आहे, पण फिजी, टोंगा, पापुआच्या माणसाला आधी व्हिसा काढावा लागतो. बेटावर घेतली तर मोठ्या देशांतले बरेच जण खर्च बघून येत नाहीत. म्हणून ती फिरती राहिली, २००७ ला फिजीत डेनाराउला, २०११ ला न्यूझीलंडच्या रोटोरुआला, २०१९ ला गुआमला. जिंकणाऱ्याला वर्ल्ड कपमधली जागा, आणि जिंकतात बहुतेक ऑस्ट्रेलियावालेच, पण बेटांवरच्या लोकांसाठी वेगळंच आकर्षण होतं. झोनलमध्ये ९ डावांत ६५ टक्के गुण केले तर इंटरनॅशनल मास्टर (आयएम) आणि ५० टक्के केले तर फिडे मास्टर (एफएम) हा किताब, एकदम, नॉर्म-बिर्म (किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठराविक कामगिरी) काही नाही. नेहमीच्या रस्त्याने आयएम व्हायचं तर २४५० च्या परफॉर्मन्सचे नॉर्म, सोबत वेगवेगळ्या देशांचे टायटलवाले प्रतिस्पर्धी, आणि २४०० रेटिंग, आणि हे सगळं सोलोमन बेटांच्या राजधानीत, होनियारात बसून कसं जमणार? टीका झाली की झोनलची टायटल स्वस्त आहेत, म्हणून नंतर अट आली, आयएमसाठी कधीतरी निदान २२०० आणि एफएमसाठी २१०० रेटिंग गाठलेलं पाहिजे, नाहीतर टायटल लागू होत नाही. अट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, पण २१०० रेटिंग गाठायला आधी रेटिंग वाढवायची जागा पाहिजे ना.

रेटिंगचा इतिहास तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कित्येक वर्षं फिडेच्या यादीत २२०० च्या खाली नावच लागायचं नाही. म्हणजे बेटांवरचे जवळजवळ सगळे खेळाडू ऑलिम्पियाड खेळून पण कागदावर अस्तित्वातच नाहीत! १९९३ ला ही मर्यादा २००० झाली, मग पुढच्या वीसेक वर्षांत टप्प्याटप्प्याने खाली येत २०१२ ला १००० वर आली आणि तेव्हा कुठे शाळेतली पोरं, क्लबमधले काका यांना नंबर मिळायला लागला. तरी अडचण राहतेच, पहिलं रेटिंग मिळायला निदान ५ रेटेड खेळाडूंशी खेळावं लागतं, आणि बेटावर रेटेड माणसंच हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी असतील तर सुरुवात करायची कुणापासून? म्हणून एखादी टीम ऑलिम्पियाडहून ४-५ रेटिंग घेऊन परत आली की त्याच माणसांना प्रत्येक लोकल स्पर्धेत बसवायचं, म्हणजे बाकीच्यांना रेटिंग लागतं. वर आपसातच खेळत राहिल्याने तेच पॉइंट इकडून तिकडे फिरतात, पोरं सुधारतात पण नंबर तिथेच. बाहेरून कुणी येऊन खेळलं तरच खरी पातळी कळते, आणि बाहेरून यायचं म्हणजे परत विमानाचं तिकीट.

२०२० ला कोविडमध्ये फिडेने ऑनलाइन ऑलिम्पियाड घेतलं (आपण आणि रशिया जॉइंट गोल्ड, आठवत असेल) आणि त्यात १६० च्या वर देश आले, छोट्यांना खालच्या डिव्हिजनमध्ये साधारण आपल्या ताकदीच्या टीमशी खेळायला मिळालं, तिकीट नाही, व्हिसा नाही. तेव्हा वाटलं होतं बेटांचा प्रश्न सुटला. पण १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, एकुलती एक केबल तुटली आणि अख्खा देश काही आठवडे जवळजवळ ऑफलाइन होता. शिवाय नेहमीचं फिडे रेटिंग अजून बहुतेक करून समोरासमोर बसूनच मिळतं.

आणि मार्च २०२४ पासून फिडेने रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून परत १४०० केली. रेटिंगचे आकडे घसरत चालले होते, ते सावरायला हे केलं, आणि भारतासारख्या देशात ते गरजेचं होतं हे मी मान्य करतो कारण आपल्याकडची कमी रेटिंगची पण तगडी पोरं बाहेर जाऊन लोकांचे पॉइंट घेऊन येत होती. पण सोलोमन किंवा नौरुच्या शाळेत नुकतीच खेळायला लागलेली मुलगी, जिची ताकद १२०० च्या आसपास आहे, ती २०२३ ला यादीत आली असती आणि आता येणार नाही. एवढा मोठा नियम बदलताना झोन ३.६ च्या बेटांसाठी वेगळी काही सवलत ठेवायला हवी होती, निदान ज्या फेडरेशनकडे ठराविक संख्येपेक्षा कमी रेटेड खेळाडू आहेत त्यांच्यापुरती, आणि ही मागणी फिडेच्या पुढच्या काँग्रेसमध्ये (फेडरेशनच्या सभेत) त्यांच्याच मतांच्या जोरावर लावून धरता येईल.