एनके पेशी शत्रू कसा ओळखतात: पार्श्वभूमी

एनके म्हणजेच नैसर्गिक मारक पेशी या बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या प्रतिकार-पेशी. त्यांचे नामकरण १९७५ मध्ये झाले, पण त्यांचे काम प्रयोगशाळांत आधीपासून दिसत होते. कर्कपेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरायचे, त्यांवर लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) सोडायचे आणि फुटलेल्या पेशींतून बाहेर सांडलेले क्रोमियम मोजायचे, अशी तेव्हाची चाचणी. त्या कर्करोगाशी कधीच गाठ न पडलेल्या उंदरांच्या पेशीही कर्कपेशी फोडत. हा आकडा अनेक जण गोंगाट समजून वजा करत.

मारायचे कोणाला, हे त्या कशावरून ठरवतात? स्वीडनमधल्या एका संशोधकाने १९८१ च्या प्रबंधात उलट्या बाजूने विचार केला: एनके पेशी परक्याची खूण शोधत नाहीत, आपली खूण हरवली आहे का ते पाहतात. खूण म्हणजे शरीराच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर असणारा एमएचसी वर्ग-१ रेणू. १९८६ मध्ये पुरावा आला. एकाच लिम्फोमाच्या (लिम्फोसाइटांच्या कर्करोगाच्या) दोन वाणांपैकी ज्यावर हा रेणू जवळपास नव्हता, तोच वाण उंदरांच्या एनके पेशींनी संपवला. बाधित पेशी याच रेणूवरून ओळखणाऱ्या टी-पेशींना चुकवण्यासाठी कित्येक विषाणू नेमका हाच रेणू दडवतात. प्रतिकारशास्त्रात इतकी नेटकी कल्पना क्वचितच सापडते.

वाद पेटला तो पुढच्या प्रश्नावर. नसलेली गोष्ट पेशीला कळते कशी? एका गटाच्या मते एमएचसी रेणू लक्ष्यावरची दुसरीच एखादी खूण झाकतो. तो गेला की ती उघडी पडते. दुसऱ्या गटाच्या मते तो एनके पेशीलाच ब्रेक लावतो. दोन्हींतून प्रयोगाचे निकाल सारखेच येत, त्यामुळे नुसत्या मारामारीच्या आकड्यांवरून निवाडा होईना. १९९२ मध्ये उंदरात एलवाय-४९ हा रोधक रिसेप्टर (एमएचसी रेणू पकडून एनके पेशीला थांबवणारे पृष्ठभागावरचे प्रथिन) ओळखला गेला आणि पारडे ब्रेकच्या बाजूने झुकले. माणसात हेच काम करणारे किर रिसेप्टर रचनेने अगदी वेगळे निघाले.

तरी खुणेच्या अभावालाच सगळे श्रेय देणे मला पटत नाही. तांबड्या रक्तपेशींवर एमएचसी वर्ग-१ जवळजवळ नसतोच, पण एनके पेशी त्यांना हात लावत नाहीत. चिथावणीही लागते. १९९९ मध्ये तिचा एक मार्ग उलगडला: ताणाखालच्या पेशी मिका नावाचे प्रथिन पृष्ठभागावर आणतात आणि एनकेजी-२डी रिसेप्टर ते पकडतो. मग एनके पेशीने सोडलेले पर्फोरिन हे प्रथिन लक्ष्याच्या आवरणाला भोके पाडते आणि ग्रँझाइम ही मारक विकरे आत शिरतात.

उपचारात ब्रेकचे हे ज्ञान २००२ पासून ठळक झाले. अर्ध्या जुळणीच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणात, दात्याच्या एनके पेशींना रुग्णाच्या पेशींवर ओळखीची खूण न सापडल्यास, तीव्र मायलॉइड ल्युकेमिया (एक रक्ताचा कर्करोग) कमी वेळा उलटला. २०२० मध्ये नाळेच्या रक्तातून बनवलेल्या कार-एनके पेशी (कर्कपेशी ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर बसवलेल्या एनके पेशी) ११ कर्करुग्णांना दिल्या गेल्या; ८ जणांत प्रतिसाद मिळाला.