पार्श्वभूमी : घरातल्या पत्रांवरून पूर्वजाचा शोध आणि ग्वाल्हेरची दोन पंचांगे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत जुनी पत्रे निघतात ती बहुधा 1810 नंतरची. त्या वर्षी दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि तो पुढे हलला नाही. त्याआधीची पिढी फौजेबरोबर फिरती होती. तिचे कागद वाटेत गेले, नाहीतर देशावरच्या भाऊबंदांकडे राहिले. म्हणून खापरपणजोबांच्या मागे जायचे तर ग्वाल्हेरचे दप्तर अपुरे पडते, आणि त्यांच्या अलीकडे यायचे तर देशावरचे.

'आमचे मूळपुरुष सरदार होते' हे प्रत्येक घरात ऐकू येते. एवढे सरदार असते तर शिंद्यांना शिपाई कुठून मिळाले असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. कागदात माणूस बहुतेक वेळा शिलेदार असतो, म्हणजे घोडा त्याचा स्वतःचा. किंवा बारगीर, म्हणजे घोडा दुसऱ्याचा. कारकून, फडणिशीतले लोक आणि उपाध्येही पुष्कळ. पत्त्यावरूनही अंदाज येतो. कंपू किंवा जिन्सी या वस्तीचा असेल तर पलटण-तोफखान्याशी संबंध पाहावा. अमक्यांची गोठ, म्हणजे एखाद्या सरदाराच्या माणसांची वस्ती, असेल तर पूर्वज बहुधा त्या सरदाराच्या पदरी होता, थेट दरबारचा नोकर नव्हता. अशा माणसाची हजेरी आणि पगार सरकारी यादीत सापडला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही; ती सरदाराच्या घरच्या दप्तरात असणार.

पत्रांची अडचण वेगळीच. मोडी वाचता आली तरी माणूस हाती लागतोच असे नाही, कारण घरच्या पत्रात नावे नसतात. 'तीर्थरूप दादांचे सेवेसी', 'चिरंजीवास आशीर्वाद', मग क्षेमकुशल. त्यात आजोबाचे नाव नातवाला, त्यामुळे एकाआड एक पिढीत तोच माणूस पुन्हा उभा राहतो. मराठी कागदात 'बिन' आणि तहशिलीच्या कागदात 'वल्द' असे बापाचे नाव जोडलेले असते. दोन्ही जुळले तरच ओळख पक्की समजावी. पाठीवरची 'पैवस्ती', म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, लोक वाचायची विसरतात. पुष्कळदा तारीख तेवढीच शिल्लक असते.

आणि खरा घोटाळा या तारखेतच आहे.

जुन्या मराठी दप्तरातली वर्षगणना म्हणजे सुहूर सन, आणि तो अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहिलेला. 'इहिदे अशर मयातैन व अलफ' म्हणजे एक, दहा, दोनशे, हजार : 1211. त्यात 599 मिळवले की 1810. वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी 600 मिळवायचे. हे एकदा समजले की चूक होत नाही. शके आणि संवत यांतला 135 चा फरकही सगळ्यांना पाठ असतो.

चूक होते ती वद्य पक्षात. देशावरून आलेल्या कुटुंबाने पत्रात महिना अमावास्येला संपवला, तर इथल्या हिंदी कागदात तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्ष दोघांचा एकच. वद्य पक्षाला मात्र हिंदी कागद एक महिना पुढचे नाव देतो. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, शेजाऱ्यांची भादों बदी अष्टमीला, आणि दिवस एकच. सणाला हे कोणाला अडत नाही, कागद जुळवताना अडते. घरातल्या पत्रात आजोबांचे निधन आषाढ वद्य एकादशीचे आणि वारसाच्या अर्जात सावन बदी एकादशीचे दिसले, की लोक दोन मृत्यू मानतात, किंवा अर्ज खोटा ठरवतात.

सर्वात वाईट फसगत चैत्रात होते. उत्तरेकडचे संवत वर्षही चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच बदलते, पण चैत्र बदी त्या प्रतिपदेच्या आधी येते, म्हणजे जुन्या वर्षाच्या शेवटी पडते. 'चैत्र बदी 5, संवत 1914' हे आपल्या सवयीने वाचले तर एप्रिल 1857 येते. खरी तारीख मार्च 1858 ची, म्हणजे आपल्या फाल्गुन वद्य पंचमीची, रंगपंचमीची. जवळजवळ अकरा महिन्यांचा फरक, आणि तोही नेमक्या त्या वर्षात! एप्रिल 1857 मध्ये मुरारच्या कंटिंजंटमध्ये, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेत, बंड झालेले नव्हते. मार्च 1858 मध्ये ते होऊन नऊ महिने लोटले होते. 'फौजेत गडबड आहे, घरी येणे होत नाही' अशा एका ओळीचा अर्थ या फरकाने पार बदलतो. अशा चुकीच्या वाचनावर उभी राहिलेली घराण्याची कथा नंतर कोणी मागे घेत नाही.

1857-58 बद्दल घरोघरी एक ठाम मत असते, आणि ते बहुधा कागदाआधी तयार झालेले असते. पण त्याची मुळे थोडी मागे आहेत. 29 डिसेंबर 1843 ला महाराजपूर आणि पनिहार इथे दरबारची फौज इंग्रजांकडून हरली. पुढच्याच महिन्यातल्या तहाने ती 9,000 वर आणली गेली, त्यात पायदळ फक्त 3,000. पगारपत्रकातून 1844 नंतर गायब होणारा पूर्वज बहुतेक वेळा मेलेला नसतो, कमी केलेला असतो. 1 जून 1858 ला दरबारची उरलीसुरली फौज मुरारजवळ तात्या टोप्यांच्या बाजूला गेली आणि महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघाले. तिजोरीतून शिपायांना पगार वाटला गेला. 20 जूनपर्यंत इंग्रजांनी ग्वाल्हेर परत घेतले आणि सगळे आटोपले. हा पगार ज्यांनी घेतला त्यांचे वंशज आज तो अभिमानाने सांगतात. त्या पिढीला मात्र तो लपवावा लागला, नाहीतर नेमणूक गेली असती. त्या तीन आठवड्यांबद्दल पत्रांत काही नसणे हाच माझ्या मते पगार घेतल्याचा त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा, कारण दरबाराशी एकनिष्ठ राहिलेल्यांनी आपली निष्ठा अर्जांतून पुढे वर्षानुवर्षे उगाळली आहे.

घरांत आज जी वंशावळ दाखवतात ती मात्र यातली कशाचीच नव्हे. 28 मे 1948 ला मध्य भारत हे राज्य झाले. त्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळी इंदूर. मग जहागिरी रद्द करणारा कायदा आला, 1951 चा, पण त्याच्या नावात संवत 2008 आहे. भरपाईसाठी वारस सिद्ध करायचे होते, म्हणून वकिलांनी म्हाताऱ्यांना विचारून वंशवृक्ष बनवले. त्यात भरपाईशी संबंध नसलेली माणसे गळाली : मुली, निपुत्रिक काका, वाटणी घेऊन झाशी-सागरकडे गेलेली शाखा. दत्तक मुलगा औरस म्हणून लागलेलाही दिसतो. हे कागद पूर्वजाचा पुरावा म्हणून नव्हे, तर 1951 च्या दाव्याचा पुरावा म्हणून वाचावेत. 1956 मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला, राजधानी भोपाळला गेली आणि दप्तरे विभागली गेली. महसुली कागदाचा काही भाग ग्वाल्हेरला राहिला, दरबारी व्यवहाराचा बराच भोपाळला गेला. त्यामुळे एकाच माणसाची जमीन इथे आणि नोकरी तिथे सापडते.

गळालेल्या बायका आणि शाखा तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पुष्कळदा मिळतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला किंवा प्रयागला गेलेल्या यजमानाने आपल्या हाताने बायको, भाऊ, मुलगे यांची नावे लिहून सही केलेली असते. तिथे 'ग्वाल्हेरचे' म्हणून सांगून काही निघत नाही. वही मूळ गाव आणि आडनावावर लागते, आणि ते गाव घरात कोणाला माहीत नसेल तर आधी सनद किंवा इनामपत्र शोधावे लागते.