मेजर ठरला नाही, की नुसता जाहीर केला नाही?

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या पोर्टलवर मुलीच्या नावापुढे 'अनडिक्लेअर्ड' दिसलं की घरचे धास्तावतात. हिचं अजून काहीच ठरलेलं नाही, असा त्यांचा समज होतो. पण अनडिक्लेअर्ड ही निव्वळ कागदोपत्री नोंद आहे: मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, अजून जाहीर केलेला नाही, एवढंच. खरंच काही ठरलेलं नसेल तर ती विद्यार्थिनी अनडिसायडेड. या दोन्हींची गल्लत केली की सल्लाही चुकीचा मिळतो.

एखादीला पहिल्या दिवसापासून जीवशास्त्रच करायचं असतं, तरी ती अनडिक्लेअर्ड असू शकते. एमआयटीत तर पहिल्या वर्षाचे सगळेच तसे असतात आणि वर्ष संपताना मेजर निवडतात. उलट, मेकॅनिकल इंजिनिअरिंगला थेट प्रवेश मिळालेला मुलगा मनातून पुरता गोंधळलेला असू शकतो. त्याची नोंद पक्की, म्हणून कुणी विचारतही नाही. मला जास्त काळजी त्याचीच वाटते.

नोंदीचं गणित तसं सोपं. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि बऱ्याच विद्यापीठांत दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत, म्हणजे ६० क्रेडिटच्या आसपास, मेजर जाहीर करावा लागतो. अनेक विभागांत ॲडव्हायझरला भेटून फॉर्म भरला की काम होतं. सगळीकडे मात्र नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या बहुतेक जागा पहिल्या प्रवेशातच भरतात. नंतर आतून येणाऱ्यांना फार थोड्या उरतात. 'आधी अनडिक्लेअर्ड म्हणून घुसू, मग सीएसला जाऊ' हा बेत अशा ठिकाणी अंगाशी येतो.

खरोखर न ठरलेल्यांचा प्रश्न फॉर्मने सुटत नाही. तिथे पहिल्या सेमिस्टरला कोणते कोर्स घेतले, यावर सगळं अवलंबून. समजा, एकीचं मन इतिहास, अर्थशास्त्र आणि इंजिनिअरिंग यांत घुटमळतंय. तिने कॅल्क्युलस लगेच घ्यावं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं मिळत नाही, दुसऱ्याशिवाय तिसरं नाही, आणि इंजिनिअरिंगचं फिजिक्सही त्यालाच बांधलेलं. ही साखळी दुसऱ्या वर्षी सुरू केली तर चार वर्षांत इंजिनिअरिंग संपवणं अवघड जातं. बऱ्याच ठिकाणी अर्थशास्त्रालाही कॅल्क्युलस लागतं, त्यामुळे ते वाया जात नाही. इतिहास मात्र दुसऱ्या वर्षी सुरू करूनही वेळेत पुरा होतो. जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे मेजर कोणताही असला तरी घ्याव्या लागणाऱ्या विषयांच्या, सक्तीच्या क्रेडिटमध्ये त्याचा एक कोर्स घेतला की आवड खरी आहे का, तेही कळतं. ज्याची साखळी लांब ते आधी घ्यायचं, एवढं पाळलं तर न ठरवताही वर्ष फुकट जात नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर नोंदीला आणखी वजन येतं. मेजर ठरला किंवा बदलला की आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, तो अद्ययावत करून घ्यावा लागतो. पदवीनंतर १२ महिने अमेरिकेत काम करायची परवानगी म्हणजे ओपीटी. तिच्यावर स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांची) २४ महिन्यांची मुदतवाढ मिळणार का, हे मेजरच्या सीआयपी कोडवर, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकावर, ठरतं. साधं अर्थशास्त्र ४५.०६०१ या कोडखाली असेल तर ते स्टेमच्या यादीत नाही; इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३ हा कोड मात्र यादीत आहे. काही विद्यापीठांत अर्थशास्त्राचाच मेजर या दुसऱ्या कोडखाली असतो. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी विभागाला आणि इंटरनॅशनल ऑफिसला कोड स्पष्ट विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.