‘ढ’ हा शिक्का आणि उशिरा पोचलेला शब्द

उन्हाळ्यात संत्र्याला पाणी हवं आणि नेमकी तेव्हाच बोअरमधली सबमर्सिबल मोटर जळते. अशा वेळी वरूडकडच्या आमच्या पट्ट्यातले शेतकरी ज्या वाइंडिंगवाल्याकडे धावतात, तो दहावीत तीनदा नापास झालेला आहे. तारेचा गेज, वेढे, जोडणी हे सारं वहीत टिपून मगच जुनी गुंडाळी काढायची रीत आहे. तो टिपत नाही. जुनी एक कॉइल खिळ्याला टांगतो आणि तिला रंगीत दोरा बांधतो. कोणता दोरा कोणाचा, हे त्याला पाठ. “जोडाक्षरापाशी मी अटकतो भाऊ, तारेपाशी नाही अटकत,” म्हणतो.

शाळेत तो ‘घ’चा ‘ध’ करी, वेलांटी चुकवी आणि रोज छडी खाई. तोंडी हिशेबात मात्र वर्गात पहिला.

असाच एक मुलगा १८९६ साली इंग्लंडमधल्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी नोंदवून ठेवला आहे. पर्सी, वय १४. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याचे मास्तर म्हणत. वाचनातल्या अशा अडचणीला ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधी, १८८७ मध्ये, जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी दिला होता. सुरुवातीला याला ‘शब्दांधत्व’ म्हणत. खरी अडचण अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्यात असते, बुद्धीत नाही, हे पुढे कळलं.

मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ मध्ये उभी राहिली. परीक्षेत सवलती आल्या, पण त्यासाठी दाखला हवा आणि तो देणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत. आमच्या खेड्यांत तोवर ‘ढ’ हाच शब्द होता. १९९५ च्या अपंग कायद्यात ही अडचण नव्हतीच. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली.

तोवर आज चाळिशीत असलेली ही माणसं गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, जिनिंगच्या मशीनवर शिकून मोकळी झाली होती. डिस्लेक्सियामुळेच हातात कसब येतं, असं मी म्हणणार नाही. तिथे मोटर चालली म्हणजे पास, एवढंच. शाळेनं त्यांना तशी एक तरी परीक्षा द्यायला हवी होती, ही खंत मला आजही आहे.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही तपासणी वयाच्या आठ वर्षांपासून ठरवली. ही अडचण घराण्यातही उतरते. वाइंडिंगवाल्याची पोरगी आता तिसरीत आहे, तिचाही ‘घ’ ‘ध’ होतो. परवा ऐन सीझनमध्ये दुकान बंद ठेवून तो तिला नागपूरला तपासणीला घेऊन गेला.